जुनं अँग्युलरजेएस आणि नवं अँग्युलर शेजारी शेजारी चालवताना

कोरांटी · १४ जून, रात्री १०:२०

मागच्या महिन्यात इथे कुणीतरी विचारलं होतं, "अँग्युलरजेएसमधलं मोठं ॲप नव्या अँग्युलरवर नेताना दोन्ही एकत्र चालवता येतात का?" मी घाईत "हो, येतात" एवढंच लिहून गेले आणि नंतर चुटपुट लागून राहिली. किती दिवस, कुणाला त्रास देऊन आणि हद्द कुठे आखून, हे सांगितल्याशिवाय त्या "येतात"चा कुणाला उपयोग नाही. म्हणून सविस्तर लिहिते. धागा लांबणार आहे.

आमचं सॉफ्टवेअर पतसंस्थांचं. खातं उघडणं, रोख भरणा, पिग्मी, मुदत ठेव, कर्ज, जामीनदार, थकबाकी, रोजकीर्द, दिवसअखेर, सगळं त्यातच. साधारण दोनशे स्क्रीन. २०१५ साली अँग्युलरजेएसमध्ये सुरू झालं. वापरणारी माणसं तालुक्याच्या गावातली, काउंटरवरची. समोर रांग असते आणि टेबलावर चार जीबी रॅमचं मशीन.

नव्या मंडळींसाठी एक खुलासा. दोन्ही ब्राउझरमधली ॲप लिहायच्या फ्रेमवर्क, म्हणजे तयार चौकटी. अँग्युलरजेएस म्हणजे १.x. "अँग्युलर" म्हणजे १४ सप्टेंबर २०१६ ला आलेली २ आणि पुढच्या सगळ्या आवृत्त्या. नावं सारखी असली तरी दुसरं हे पहिल्याची सुधारित आवृत्ती नाही, ते मुळापासून नव्यानं लिहिलेलं आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये पॅरिसच्या परिषदेत "स्कोप जाणार, कंट्रोलर जाणार" असं जाहीर झालं (जुनी ॲप ज्यांवर उभी होती तेच भाग), तेव्हा आमच्यासारख्यांच्या पोटात गोळा आला होता. ३१ डिसेंबर २०२१ ला अँग्युलरजेएसच्या सुरक्षा-दुरुस्त्याही थांबल्या. पुढच्याच ऑडिटमध्ये एका ग्राहक संस्थेकडून तसा शेरा आला आणि विषय पुन्हा टेबलावर आला.

पुन्हा म्हणते, कारण आधी एक प्रयत्न फसला होता. ऑक्टोबर २०१६ मध्ये आम्ही सगळंच नव्यानं लिहायला घेतलं. ग्राहक जुन्यावर, आणि नवं आमच्यापुरतं शेजारच्या खोलीत. ८ नोव्हेंबरला नोटाबंदी झाली. रोख मोजणीच्या स्क्रीनवरून हजाराची ओळ काढायची, दोन हजारांची घालायची. जुन्यात ते त्याच आठवड्यात झालं, नव्यात "नंतर करू". जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, ऑगस्टमध्ये दोनशेची नोट आली. दर वेळी जुन्याला आधी हात लागे, कारण ग्राहक तिथे होते. वर्षभरात नवं इतकं मागे पडलं की ते बंद करावं लागलं. चार जणांची वर्षभराची मेहनत गेली. त्यातले दोघं नंतर सोडून गेले आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

त्यामुळे ऑगस्ट २०२२ मध्ये दुसऱ्यांदा सुरुवात केली तेव्हा एकच अट घातली. नवीन स्क्रीन तयार झाली की ती त्याच महिन्यात खऱ्या काउंटरवर गेली पाहिजे. म्हणजे दोन्ही एकत्र चालणं आलंच.

पहिली अडचण दारातच उभी होती. आमचे सगळे पत्ते हॅशचे, म्हणजे # चिन्हानंतर स्क्रीनचं नाव असलेले. हॅशच्या पुढचा भाग ब्राउझर सर्व्हरला पाठवतच नाही. म्हणजे "मुदत ठेव नव्याकडे, बाकीचं जुन्याकडे" हे एनजिनएक्सला (विनंत्या वाटून देणाऱ्या वेब सर्व्हरला) सांगायची सोयच नाही, त्याला सगळं एकच पान दिसतं. त्यामुळे नव्याची एक ओळ लिहायच्या आधी दोन महिने जुन्यावरच गेले. १.५ वरून १.८ वर आणलं आणि एचटीएमएल५ मोड (हॅशशिवायचे साधे पत्ते) चालू केला. इथे एक खाचखळगा आहे. १.६ पासून हॅशनंतरचा उपसर्ग रिकाम्याऐवजी उद्गारचिन्ह झाला, त्यामुळे लोकांनी साठवलेले बुकमार्क मोडतात. कॉन्फिगमध्ये तो परत रिकामा करून घ्या. एचटीएमएल५ मोड मग जुने हॅशचे पत्ते आपोआप साध्या पत्त्यांत बदलून घेतो. एवढं झाल्यावर एनजिनएक्सचा नियम सोपा झाला. झालेले पत्ते नव्या ॲपकडे, उरलेलं सगळं जुन्याकडे.

जुन्या पानातून नव्याकडे जाणाऱ्या प्रत्येक दुव्याला टार्गेट सेल्फ (पान पूर्ण नव्यानं उघडायला लावणारं ॲट्रिब्यूट) लावा. नाहीतर तो क्लिक जुना राउटर (ॲपमधले पत्ते सांभाळणारा भाग) स्वतःच अडवतो, तो पत्ता त्याच्या यादीत नसतो आणि तो माणसाला मुख्य पानावर नेऊन सोडतो. आमचा यात एक आख्खा दिवस गेला.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हा धागा काढला.

नव्यात न्यायला आम्ही पहिली स्क्रीन निवडली खातेशोध. छोटी, स्वतंत्र, फक्त माहिती दाखवणारी. कुणीही तिचंच नाव घेतलं असतं. सोमवारी सुरू केली आणि दुपारपर्यंत फोन यायला लागले. त्या गावाचा बाजार सोमवारी असतो. क्लार्क दर ग्राहकामागे आधी खातेशोधवर जातो, तिथून रोख भरण्यावर आणि परत खातेशोधवर. म्हणजे दर ग्राहकामागे दोनदा जुन्या-नव्याची हद्द ओलांडायची, आणि दर वेळी पूर्ण ॲप नव्यानं लोड व्हायचं. आमच्या मशीनवर ते जाणवलंही नव्हतं. त्यांच्या मशीनवर तीन-चार सेकंद. रांगेत शंभर माणसं असताना त्याचं काय होतं ते मला फोनवर ऐकायला मिळालं, आणि बोलणाऱ्याचं काहीच चुकत नव्हतं. तिसऱ्या दिवशी स्क्रीन मागे घेतली.

मग मी आणि एक सहकारी त्या शाखेत दोन दिवस क्लार्कच्या मागे खुर्ची टाकून बसलो. सोबत सर्व्हरच्या लॉगमधून कुठल्या स्क्रीननंतर कुठली उघडते याच्या जोड्या काढल्या. तेव्हा लक्षात आलं की आम्ही कोडकडे बघून हद्द आखली होती. ती माणसाच्या दिवसाकडे बघून आखायला हवी होती. क्लार्क जिथे स्वतःहून थांबतो, म्हणजे एक काम संपवून उठतो, दुसऱ्या टेबलावर जातो किंवा फाइल बंद करतो, तिथे तीन सेकंद गेले तर कुणाला काही वाटत नाही. मुदत ठेवीचं टेबल वेगळं, तिथला माणूस वेगळा. म्हणून मुदत ठेवीच्या अकरा स्क्रीन आम्ही एकत्र हलवल्या. तक्रारीचा एकही फोन आला नाही. मग कर्ज अर्ज आणि जामीनदार एकत्र, मग वसुली. मोठ्या गठ्ठ्यांत रोख काउंटरचा सर्वांत शेवटी, गेल्या मे महिन्यात, एका दमात. फेब्रुवारी ते मध्य एप्रिल हद्द हलवायचीच नाही. मार्च एंड असतो.

अजून बरंच आहे, पण आधी तुमचे अनुभव वाचायचे आहेत.

घाटमाथा · १४ जून, रात्री ११:४५

कोरांटीताई, छान लिहिलंत. पण पानापानाची हद्द सगळ्यांनाच आखता येत नाही, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

आमचं ॲप म्हणजे मुळात एकच पान. वाहतूक कंपनीचा वेळापत्रकाचा फळा. डावीकडे गाड्या, वर तारखा, मधल्या चौकटी ओढून इकडून तिकडे न्यायच्या. दिवसभर डिस्पॅचर त्याच पानावर असतो, त्यामुळे वाटून घ्यायला पत्तेच नाहीत. आम्हाला एनजीअपग्रेड (जुनं-नवं जोडणारं अँग्युलरचंच साधन) घ्यावंच लागलं, म्हणजे एकाच पानात दोन्ही फ्रेमवर्क जिवंत.

सुरुवातीला त्यातलं अपग्रेडमोड्युल वापरलं. त्यात जुनं अँग्युलरजेएस नव्याच्या झोनमध्ये (काही घडलं की अँग्युलरला कळवणाऱ्या कक्षेत) चालतं, आणि नव्याकडे काहीही हललं की जुन्याचं डायजेस्ट (काय बदललं ते तपासायची फेरी) फिरतं. चाळीस गाड्या गुणिले तीस दिवस म्हणजे बाराशे चौकटी. प्रत्येकीत तीन बाइंडिंग (पडद्यावर दाखवलेल्या किमती) धरली तर छत्तीसशे वॉचर, म्हणजे दर फेरीत तपासायच्या गोष्टी. नव्या कंपोनंटमध्ये माउस हलल्याचा एक लिसनर होता. माउस इंचभर सरकला की छत्तीसशे वॉचर तपासले जायचे. फळा अक्षरशः खडखडायला लागला.

दोन गोष्टींनी सुटलं. माउसचे लिसनर झोनच्या बाहेर काढले. आणि अपग्रेडमोड्युल सोडून डाउनग्रेडमोड्युल घेतलं, जे अँग्युलर ५ पासून आहे. त्यात जुनं झोनच्या बाहेर राहतं, त्यामुळे दर खेपेला डायजेस्ट फिरत नाही. त्याची किंमत अशी की जुन्याला कळवायचं असेल तिथे अप्लाय (डायजेस्ट फिरवायची आज्ञा) स्वतः हातानं मारावं लागतं. एखाद्या ठिकाणी विसरलं की डेटा बदललेला असतो, पण पडद्यावर जुनंच दिसत राहतं. तरी मी तेच निवडेन. संथ चालण्याचं कारण शोधण्यापेक्षा विसरलेलं अप्लाय शोधणं सोपं आहे.

शेवंती · १५ जून, सकाळी ८:१०

माझा प्रश्न अगदी प्राथमिक आहे, रागावू नका. एकाच पानावर दोन फ्रेमवर्क असतील तर एखादा डीआयव्ही (पानाचा तुकडा) नेमका कुणाचा? दोघांनी एकदम बदलला तर?

घाटमाथा · १५ जून, सकाळी ९:०५

रागवायचं काय त्यात? अख्ख्या एनजीअपग्रेडचा पाया तोच प्रश्न आहे. नियम असा: जो टॅग ज्याच्या टेम्प्लेटमध्ये लिहिला, तो त्याचा. जुन्या टेम्प्लेटमध्ये नव्या कंपोनंटचा टॅग टाकला, तर तो टॅग जुन्याच्या मालकीचा आणि त्याच्या आतलं सगळं नव्याचं. म्हणून तिथे इनपुट देताना ॲट्रिब्यूट जुन्या पद्धतीनं, जोडरेघ घालून लिहावं लागतं, पण कंस मात्र नव्या पद्धतीचे असतात. हे मिश्रण सुरुवातीला डोळ्यांना खुपतं. मालकीचा नियम लक्षात राहिला की सवय होते.

आणि सगळं उचलून नेता येत नाही, हे आधीच माहीत असू द्या. जुन्या डिरेक्टिव्हमध्ये (टॅगला नवं वागणं देणाऱ्या कोडमध्ये) कंपाइल, टर्मिनल किंवा रिप्लेस असेल तर एनजीअपग्रेड हात वर करतं. ॲट्रिब्यूट म्हणून लावलेले डिरेक्टिव्हही जात नाहीत. फिल्टर (दाखवताना मजकुराचं रूप बदलणारे) तर अजिबात नाहीत, त्यांचे पाइप करून नव्यानं लिहायचे.

कोरांटी · १५ जून, दुपारी १:३०

घाटमाथा, तुमच्या फळ्याला पानांची हद्द लागू पडणार नाही, हे मान्य. मी फक्त एवढंच म्हणेन की ज्यांच्याकडे वेगवेगळे पत्ते आहेत त्यांनी आधी पत्त्यांवर वाटून बघावं आणि एनजीअपग्रेडकडे नंतर जावं. दोन्ही फ्रेमवर्क एकाच पानात उतरवायची तर आमच्या मशीनना ते झेपलंच नसतं.

ॲट्रिब्यूट डिरेक्टिव्हवरून आठवलं. आमच्याकडे "एंटर दाबलं की पुढच्या चौकटीत जा" असा एक डिरेक्टिव्ह होता. काउंटरवरची माणसं माउसला हात लावत नाहीत. एंटर, एंटर, रक्कम, एंटर, एफ८. नव्या मुदत ठेवीत तो डिरेक्टिव्ह आम्ही नव्यानं लिहिला, पण बंद असलेली चौकट ओलांडून पुढे जायचं त्यात राहिलं. जुन्यात ते होतं, कुणीतरी २०१६ मध्ये दोन ओळींत केलेलं, कुठेही नोंद नाही. एका ताईंनी फोनवर सांगितलं, "माझी बोटं अडकतात." तेव्हापासून स्क्रीन हलवण्याआधी ती फक्त कीबोर्डवर जुन्यात आणि नव्यात एकामागोमाग एक चालवून बघायची, असा आमचा शिरस्ता आहे.

उंबरठा · १५ जून, रात्री ९:१५

मी टेस्टिंगमध्ये आहे. कोरांटीताई, लॉगिनचं काय केलंत? दोन ॲप, दोन टॅब, एक माणूस. आमच्याकडे सगळ्यात जास्त बग तिथेच सापडतात.

कोरांटी · १५ जून, रात्री ११:००

बरोबर नस पकडलीत. डोमेन एकच ठेवला, त्यामुळे लोकल स्टोरेज (ब्राउझरमधली साठवण) आणि कुकी दोघांना सारखीच दिसते. वेगळा सबडोमेन घेतला असता तर लोकल स्टोरेज वेगळं पडलं असतं. तो मोह टाळा.

तरी चार गोष्टी नडल्या.

पहिली, निष्क्रिय राहिल्यास आपोआप लॉगआउट. जुन्या टॅबमध्ये दहा मिनिटांचं घड्याळ होतं. माणूस नव्या टॅबमध्ये काम करतोय, जुना टॅब मागे पडून आहे. घड्याळ संपलं की तो लॉगिनचं टोकन पुसून टाकायचा आणि भर कामात माणूस बाहेर. आता शेवटची हालचाल कधी झाली ते दोन्ही ॲप लोकल स्टोरेजमध्ये लिहितात, आणि स्टोरेज इव्हेंट ऐकून आपापलं घड्याळ मागे घेतात. लक्षात ठेवा, तो इव्हेंट ज्या टॅबनं लिहिलं त्याला मिळत नाही, बाकीच्या टॅबना मिळतो.

दुसरी, एक्सएसआरएफ टोकन (विनंती आपल्याच पानातून आली याची खूण). कुकीचं आणि हेडरचं नाव दोन्ही फ्रेमवर्कमध्ये मुळातच एक आहे, त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो. पण जुनं एचटीटीपी गेट (माहिती मागणाऱ्या) विनंतीलाही हेडर लावतं, आणि नवं एचटीटीपीक्लायंट गेट आणि हेडला लावत नाही. आमच्या सर्व्हरवर खातेउताऱ्याची पीडीएफ गेटनं यायची आणि तिथेही टोकन तपासलं जायचं. जुन्यातून पीडीएफ उतरायची, नव्यातून ४०३, म्हणजे परवानगी नाही. चूक खरं तर सर्व्हरची होती, तिथेच दुरुस्त केली.

तिसरी मला फार शिकवून गेली. अर्धवट भरलेला कर्ज अर्ज जुन्या स्क्रीनवरून लोकल स्टोरेजमध्ये ठेवायचा आणि नव्यात उचलायचा, असं केलं होतं. सर्व्हर "अनोळखी फील्ड" म्हणून अर्ज परत पाठवायला लागला. शोधल्यावर जामीनदारांच्या यादीत प्रत्येक ओळीला डॉलर-डॉलर-हॅशकी नावाचं फील्ड चिकटलेलं दिसलं. एनजी-रिपीट (यादीच्या ओळी दाखवणारा डिरेक्टिव्ह) ते स्वतःच्या सोयीसाठी लावतं. सर्व्हरला पाठवताना जुनं एचटीटीपी दोन डॉलरनं सुरू होणारी फील्डं गुपचूप गाळतं, म्हणून सात वर्षांत ते कधी दिसलंच नाही. आम्ही स्टोरेजमध्ये लिहिताना साधं जेसन स्ट्रिंगिफाय (डेटाचा मजकूर करणारं फंक्शन) वापरलं होतं, ते काहीच गाळत नाही, आणि नवं एचटीटीपीक्लायंटही नाही. जुन्यानं आपल्या नकळत काय काय सांभाळलं, ते असं एकेक करून कळत जातं.

चौथी, आकडे. जुन्यात भारतीय लोकेलची (आकडे लिहायच्या पद्धतीची) फाइल होती, रक्कम १,००,००० अशी दिसायची. नव्यात लोकेलची नोंदणी राहून गेली आणि तीच रक्कम १००,००० दिसायला लागली. आकडा तोच, पण रोखपालानं पावती तीनदा मोजली. पैशाच्या कामात स्वल्पविराम हलला की माणसाचा विश्वास हलतो. त्या दिवशी तासाभरात दुरुस्ती पाठवली.

नदीकाठ · १६ जून, सकाळी ७:५०

फार उपयोगी धागा. मी रेल्सवाला (रूबी भाषेतली वेब फ्रेमवर्क), आमच्याकडे "दोन्ही एकत्र" याचा अर्थ वेगळा आहे, तो इथे नोंदवतो.

रेल्समध्ये फ्रेमवर्क बदलत नाही, आवृत्ती बदलते. म्हणून एकच कोड दोन आवृत्त्यांवर उभा करतात. याला ड्युअल बूट म्हणतात. जेमफाइल (लागणाऱ्या लायब्ररींची यादी) दोन, लॉक फाइल दोन, आणि एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ठरवतं की आज कुठली आवृत्ती उठवायची. सगळ्या टेस्ट दोन्हींवर चालतात. नवी आवृत्ती सुरुवातीला लालेलाल (टेस्ट नापास) असते, रोज थोडी थोडी हिरवी करायची, आणि जुन्यावर काम करणाऱ्या इतरांना अडवायचं नाही. गिटहबनं ३.२ वरून ५.२ चा प्रवास असाच केला. दीड वर्ष लागलं आणि ऑगस्ट २०१८ मध्ये तो पूर्ण झाला.

कोरांटीताईंनी पहिल्या प्रयत्नाचं जे सांगितलं, वेगळ्या खोलीतलं काम मागे पडतं ते, त्यावर हा चांगला उतारा आहे. कोडची वेगळी शाखा ठेवायचीच नाही. मुख्य शाखेतला प्रत्येक बदल दोन्ही आवृत्त्यांवर चाललाच पाहिजे, म्हणजे जीएसटी आला तरी तो एकदाच लिहायचा.

पण टेस्ट हिरव्या झाल्या म्हणून निश्चिंत होऊ नका. पाचपैकी दोन सर्व्हर नव्या आवृत्तीवर नेले की कुकी दोघांच्या हातात जाते. आम्ही ५.२ चे नवे डिफॉल्ट (ठरलेल्या सेटिंग) घाईनं चालू केले. त्यात कुकीचं एन्क्रिप्शन बदलतं. नव्या सर्व्हरनं लिहिलेली कुकी जुन्याला उघडेना, आणि लोड बॅलन्सर (सर्व्हरमध्ये विनंत्या वाटणारा) ज्याला जुन्याकडे पाठवी तो लॉगआउट. आधी आवृत्ती बदला आणि डिफॉल्ट जुनेच ठेवा. सगळे सर्व्हर नवे झाले, आता मागे जायचं नाही हे ठरलं, की मग डिफॉल्ट एकेक करून उघडा. कॅशचंही (तात्पुरत्या साठवणीचंही) तेच. ७.० ला कॅशचा साचा बदलला आणि ६.१ ला तो वाचता येत नाही.

शेवंती · १६ जून, सकाळी १०:३०

आमच्याकडे पडदे बनवायची लायब्ररी रिॲक्ट, आवृत्ती १६ आहे आणि काही भाग १८ वर न्यायचा विचार आहे. तिथेही असंच काही नडेल का?

घाटमाथा · १६ जून, सकाळी ११:२०

मधली १७ बघा. ऑक्टोबर २०२० मध्ये आली तेव्हा त्यात वापरणाऱ्यासाठी नवं असं काहीच नव्हतं, लोक विचारायचे मग काढली कशाला? तर याच कामासाठी. १६ पर्यंत रिॲक्ट सगळे इव्हेंट (क्लिक वगैरे) डॉक्युमेंटवर, म्हणजे अख्ख्या पानावर बांधायचं. कंपोनंटच्या एका झाडात दुसऱ्या आवृत्तीचं झाड बसवलं, की आतल्यानं स्टॉप प्रोपगेशन (इव्हेंट वर जाऊ न देणं) केलं तरी बाहेरच्याला इव्हेंट पोचायचाच, कारण दोघांची गाठ डॉक्युमेंटवरच. १७ पासून प्रत्येक झाड आपल्या मुळाशी इव्हेंट बांधतं. म्हणून तुम्ही बाहेरचं कवच आधी १७ वर तरी आणा. १६ आणि १८ थेट एकमेकांत घालू नका.

दीपमाळ · १६ जून, रात्री १२:४०

नेदरलँड्समधून लिहितोय, म्हणून ही वेळ. आम्ही मायक्रोसॉफ्टच्या जुन्या एएसपी डॉट नेटमधलं ॲप नव्या एएसपी डॉट नेट कोअरवर आणतोय. पुढे नवं ॲप, त्यात यार्प नावाचा प्रॉक्सी (विनंत्या पुढे धाडणारा मधला टप्पा). ज्या पत्त्याला नव्याकडे उत्तर नाही, तो मागे जुन्याकडे जातो. सेशन (लॉगिन झालेल्या माणसाची सर्व्हरवरची माहिती) जुन्याकडेच राहतं, नवं ते ॲडॉप्टरमधून मागून घेतं. त्याला प्रत्येक वेळी एक फेरी पडते, म्हणून ज्या पानाला सेशन लागत नाही तिथे ते मागूच नये.

या पद्धतीला सॉफ्टवेअरवर लिहिणारे मार्टिन फाउलर यांनी २००४ मध्ये "स्ट्रँग्लर" हे जे नाव दिलं ते ऑस्ट्रेलियातल्या वडाच्या जातीच्या झाडांवरून आहे. बी दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात रुजतं, मुळं खाली सोडतं, आणि हळूहळू मूळ झाड आत विरून जातं. इथल्या लोकांना हे चित्र डोळ्यांसमोर आणावं लागतं. मी कोकणातला. आमच्या घरामागे आंब्यावर पिंपळ आलेला होता, त्यामुळे मला पहिल्या वाक्यातच समजलं.

खडीसाखर · १७ जून, सकाळी ९:००

दीपमाळ, तुमच्या उदाहरणातच माझी शंका आहे. कित्येक आंब्यांवर पिंपळ वर्षानुवर्षं तसाच राहतो, आंबाही जात नाही आणि पिंपळही पूर्ण वाढत नाही. आमच्या ऑफिसात तेच झालंय. साठ टक्के नवं, चाळीस टक्के जुनं, आणि गेली तीन वर्षं आकडा हललेला नाही. नवीन मुलाला दोन्ही शिकावी लागतात. व्यवस्थापन म्हणतं, चालतंय ना. माझं मत झालंय की दोन्ही एकत्र चालवायची सोय मिळाली, की ते पूर्ण करायची निकड जाते.

कोरांटी · १७ जून, दुपारी २:१५

खडीसाखर, तुमचं म्हणणं मला पटतं आणि त्याची मलाही धास्ती होती. आम्हीही २०२४ च्या पावसाळ्यात असेच अडकलो होतो. नव्या स्क्रीन होत होत्या, पण जुन्यातलं काहीच जात नव्हतं. "लागली तर परत वळवता येईल" म्हणून जुनी मुदत ठेव तशीच ठेवली होती. मग व्याजदराचा नियम बदलला आणि एका मुलानं, काहीच गैर न करता, तो दोन्हीकडे बदलला. दोन दिवस गेले, तेही कुणी उघडतच नसलेल्या स्क्रीनवर.

तेव्हापासून असं केलं. गठ्ठा नव्याकडे वळला, एक महिनाअखेर निर्धोक पार पडली, की जुन्यातल्या त्या फाइल्स त्याच आठवड्यात डिलीट करायच्या. परत वळायची सोय हवी असेल तर गिटमध्ये आहे. डिलीट करणं हे वेगळं काम म्हणून यादीत लिहायचं, त्याला दिवस द्यायचा, नाव लावायचं. आणि व्यवस्थापनाला टक्के सांगणं बंद केलं. आता सांगतो, जुन्यात किती स्क्रीन उरल्या. "साठ टक्के झालं" ऐकून लोक निवांत होतात. "८३ उरल्या" म्हटलं की पुढच्या महिन्यात किती उरतील, असं विचारतात.

तुमच्या ऑफिसात त्या चाळीस टक्क्यांत नेमकं काय आहे? मला वाटतं, अवघड म्हणून टाळलेलं एखादंच काम असेल आणि बाकीचं त्याच्याभोवती अडकलेलं असेल.

खडीसाखर · १७ जून, संध्याकाळी ६:५०

अगदी तसंच आहे. रिपोर्ट तयार करायचं एक इंजिन आहे. ते लिहिणारे गृहस्थ निवृत्त झाले. बाकीच्या तीसेक स्क्रीन त्यावर टेकून आहेत.

उंबरठा · १७ जून, रात्री ८:२०

मग ते आत काय करतं हे समजून घेत बसण्याऐवजी त्यातून बाहेर काय येतं ते पकडा. गेल्या वर्षभरात खरोखर काढलेले रिपोर्ट इनपुटसकट साठवा. नवं इंजिन त्याच इनपुटवर चालवा आणि दोन्ही निकाल ओळीओळीनं ताडून बघा. आम्ही विमा-हप्त्यांच्या गणिताला हेच केलं. पहिल्या दिवशी शेकडो फरक आले, पण कारणं मोजून सहा निघाली. त्यातल्या दोन जुन्यातल्याच चुका होत्या, त्या मुद्दाम तशाच ठेवायच्या की नाही हे धंद्याच्या माणसानं ठरवलं, आम्ही नाही.

घाटमाथा · १८ जून, सकाळी ८:४५

एक राहिलं, सीएसएस (पानाची सजावट). आमच्या जुन्या भागात बूटस्ट्रॅप ३ (तयार सीएसएस) होतं. ते एचटीएमएल टॅगचा फाँट १० पिक्सेल करतं. नवे कंपोनंट रेममध्ये (त्याच फाँटच्या पटीत) मोजतात आणि १६ धरून बसलेले असतात. एकाच पानात आणल्यावर नवे सगळे आक्रसून गेले, आणि आठवडाभर आम्ही नव्या कंपोनंटमध्येच चूक शोधत होतो. ती एक ओळ काढा आणि जुन्याचं जे बिघडेल ते जुन्यात सावरा.

खडीसाखर · २ जुलै, रात्री १०:१०

उंबरठा यांनी सांगितलं तसं सुरू केलं. मागच्या वर्षीचे १,१४० रिपोर्ट गोळा झाले. पहिल्या फेरीत ९१२ जुळले. न जुळलेल्यांपैकी बहुतेक एकाच जागी अडकलेत, पैशाचं पूर्णांकन जुन्यात प्रत्येक ओळीला होतं आणि आम्ही शेवटच्या बेरजेला करत होतो. उद्या तेवढं बदलून परत चालवतोय. कोरांटीताई, व्यवस्थापनाला सांगायचा आमचा आकडा आता ३१ आहे.

कोरांटी · ३ जुलै, सकाळी ७:३०

वाचून फार बरं वाटलं. आमच्या ९ उरल्या. त्यातली पासबुक छपाई सगळ्यात अवघड, कारण प्रिंटर डॉट मॅट्रिक्स आहे आणि ओळीची उंची जुन्या कोडात हातानं बसवलेली आहे. शनिवारी एका शाखेत पन्नास कोरी पासबुकं घेऊन जाते आहे.